उद्यमनगरचा सौर सापळा आणि माळावरची हुमणी

घाई असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. हुमणीचे भुंगेरे पकडणारा हा सौर दिव्याचा सापळा चांगला आहे, घ्यावा. पण वळवाचा पहिला दणका बसायच्या आधी तो बांधावर उभा राहणार असेल तरच घ्यावा. ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडायला लागल्यावर दुकान गाठलंत, तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. त्यात सापळ्याचा दोष नाही. हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, भुंगेरा झाल्यावर वर्षातले जेमतेम पाच-सहा आठवडे दिव्याला येते. बाकीचा सगळा काळ ती मातीत असते आणि तिथे दिव्याचं काही चालत नाही.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. सासरची शेती कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी रस्त्याला, भोगावतीच्या पट्ट्यात आहे. थोडी नदीकाठची मळी (गाळाची जमीन) आणि बरीचशी गावाच्या वरच्या अंगाला माळाची जमीन. सासरे गेल्यापासून माळाकडचं मी आणि धाकटे दीर मिळून बघतो. ऊस को ८६०३२ जातीचा, लागण (नवी लावणी) आणि खोडवा (तोडणीनंतर फुटलेलं पुढचं पीक) दोन्ही, कडेला थोडा भुईमूग. हुमणी आमच्याकडे नवी नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात की त्यांच्या तरुणपणीसुद्धा भुईमूग उपटला की खाली पांढरी अळी वेटोळं करून बसलेली असायची. उसात तिचं काम उशिरा कळतं. आधी पाला पिवळा पडतो, तेव्हा माणसाला वाटतं युरिया कमी पडला. मग दोन-तीन आठवड्यांत उसाचं अख्खं बेट, म्हणजे एका ठिकाणी फुटलेला झुबका, वाळतं, आणि हाताने ओढलं की अलगद उपटून येतं, कारण खाली मूळच उरलेलं नसतं. माळावरच्या एका तुकड्यात खोडवा ठेवण्याजोगा राहिला नाही, तेव्हा सापळा घ्यायचं ठरलं.

आपल्या जिल्ह्यात हुमणी मुख्यतः दोन जातींची. नदीकाठच्या जमिनीतली ल्यूकोफोलिस लेपिडोफोरा आणि माळावरची होलोट्रायकिया सेराटा. मी लिहितेय ते माळावरच्या हुमणीच्या अनुभवावरून. ज्यांची सगळी जमीन मळीची आहे त्यांनी माझे शब्द जसेच्या तसे घेऊ नयेत.

सापळा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये बनवून घेतला. नाव लिहीत नाही. असं काम करणारे तिथे आणखीही आहेत आणि माल साधारण सारखाच असतो. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. तीन पायांचा लोखंडी स्टँड, छातीएवढ्या उंचीवर प्लास्टिकचा टब, टबाच्या मधोमध जांभळट एलईडी दिवा, दिव्याभोवती तीन उभ्या पारदर्शक पट्ट्या, वर छोटं सौर पॅनेल आणि त्याच्या पोटात बॅटरीचा डबा. अंधार पडला की दिवा आपोआप लागतो. जांभळट रंग शोभेसाठी नाही. आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश पुष्कळ किड्यांना दिसतो आणि ते त्याच्याकडे ओढले जातात. पिवळ्या बल्बचा घरगुती सापळा शेजारच्या शेतात लावलेला होता, त्याच्या टबात आणि आमच्या टबात पडणाऱ्या भुंगेऱ्यांत डोळ्यांना दिसण्याइतका फरक होता. पारदर्शक पट्ट्यांचंही काम आहे. भुंगेरा जड अंगाचा, त्याला उडताना पटकन वळता येत नाही. तो पट्टीवर आपटतो आणि सरळ टबात पडतो. जाळी किंवा चिकट पत्रा लावलेल्या सापळ्यांपेक्षा ही रचना हुमणीला जास्त लागू पडते.

आता ते पाच-सहा आठवडे कोणते, ते सांगते. रोहिणी नक्षत्राच्या आगेमागे वळीव पडतो, जमीन चांगली हातभर भिजते, आणि त्यानंतरच्या संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला भुंगेरे मातीतून वर येतात. रिमझिम पावसाने येत नाहीत, ओल खोल जावी लागते. वर आले की थेट कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जातात. तिथेच नर-मादीचं मीलन होतं, रात्रभर पाला खातात आणि पहाट व्हायच्या आत परत मातीत शिरतात. दिवसा शेतात फिरलात तर काहीच दिसत नाही, फक्त कडुनिंबाची पानं कुरतडलेली दिसतात. मादी मातीत एकेक करून पन्नास-साठ अंडी घालते. अंडं आधी लांबट असतं, मग मातीतली ओल शोषून गोल फुगतं. म्हणजे पहिल्या पावसाने भुंगेरा जागा होतो आणि पुढच्या पावसाने अंडं पोसलं जातं. दहा-पंधरा दिवसांत अळी बाहेर येते.

सापळ्याचा सगळा फायदा या साखळीतल्या एकाच कडीवर आहे. एक मादी अंडी घालायच्या आधी टबात पडली, तर पन्नास-साठ अळ्या जन्मालाच येत नाहीत. तीच मादी आठवडाभर उशिरा पडली, तर बरीचशी अंडी मातीत गेलेली असतात आणि टबातल्या मेलेल्या भुंगेऱ्याकडे बघून आपल्याला उगाच समाधान मिळतं. म्हणून वळवानंतरच्या पहिल्या काही रात्री सर्वांत मोलाच्या. आम्ही शाळेतल्या मुलांना वही दिली होती, रोज सकाळी टबातले भुंगेरे मोजून लिहायचे. वहीत स्पष्ट दिसतं की मोठ्या पावसानंतरच्या दोन-तीन रात्रींत आकडा एकदम चढतो, मग उतरतो, पुन्हा एखादा जोरदार वळीव झाला की परत चढतो, आणि मृग चांगला लागल्यावर हळूहळू बसतो. जुलैच्या पानांवर शून्याच्या ओळी आहेत. त्या शून्यांमुळे भाऊजींना वाटलं दिवा बिघडला. दिवा ठीक होता. भुंगेऱ्यांचा हंगाम संपला होता आणि त्यांची पिल्लं मातीत मुळं खात होती.

इथे मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण माझ्या वर्गातल्या मुलांना आणि माझ्या गावातल्या मोठ्या माणसांना एकाच गोष्टीचं सारखंच आश्चर्य वाटलं. तपकिरी, टणक पाठीचा, पंखांचा भुंगेरा आणि पांढरी, मऊ, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी हा एकच जीव आहे, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. फुलपाखराचं सगळ्यांना ठाऊक असतं, पुस्तकात चित्र असतं. पण भुंगेरे, मुंग्या, मधमाश्या, माश्या, डास या सगळ्यांचं आयुष्य त्याच चार टप्प्यांचं: अंडं, अळी, कोष, प्रौढ. जगात आजवर नोंदलेल्या कीटकांच्या जातींपैकी बहुसंख्य या पूर्ण रूपांतरणाच्या गटातल्या आहेत, आणि त्यांत एकट्या भुंगेऱ्यांच्या जाती चार लाखांच्या घरात जातात. हा मार्ग इतका यशस्वी का ठरला, त्याचं उत्तर आमच्या बांधावरच आहे. अळी मुळं खाते, भुंगेरा कडुनिंबाचा पाला खातो. आई आणि लेकरू एकमेकांच्या तोंडचा घास काढून घेत नाहीत. आणि म्हणूनच एका उपायाने दोघांना गाठता येत नाही.

वर्गात आम्ही काचेच्या बरण्यांत शेतातली माती भरून मोठ्या झालेल्या अळ्या ठेवल्या. खायला बटाट्याच्या फोडी. बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळला, म्हणजे अळ्या काचेपासून लांब पळत नाहीत. अळी आयुष्यात दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. दोन कातींच्या मधल्या काळात तिचं अंग फुगत जातं, पण तपकिरी टणक डोकं तेवढंच राहतं. नवी कात आली की एकदम मोठं डोकं. त्यामुळे अळी किती मोठी दिसते यावर जाऊ नका, डोकं बघा. अंगाने भरलेली पण डोक्याने लहान अळी अजून दुसऱ्या अवस्थेतली असते. हे कळणं औषधाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे, कारण तिसऱ्या अवस्थेतली अळी सर्वांत खादाड आणि मरायलाही सर्वांत चिवट. ऑगस्टपासून उसाचं जे नुकसान दिसतं ते तिचं.

बरण्यांमधल्या काही अळ्या मेल्या. ज्या टिकल्या त्यांनी एके दिवशी खाणं बंद केलं. पोटातला काळपट मळ टाकून दिला, अंग पिवळसर आणि सुरकुतलेलं झालं. मातीत अंग फिरवून फिरवून त्यांनी गुळगुळीत भिंतींची एक लहान पोकळी केली. एकीने ती नेमकी काचेला लागून केली, त्यामुळे मुलांना सगळं बघता आलं. रेशमाचा कोश वगैरे काही नाही, नुसती मातीची खोली. आत पाठीवर कातडी उकलली आणि मागे सरकत गेली, आणि खाली फिकट रंगाचा कोष दिसला. त्यात पुढचा भुंगेरा ओळखू येत होता! सहा पाय पोटाशी दुमडलेले, मिशा, पंखांच्या आखूड पिशव्या. तो चालू शकत नाही, खाऊ शकत नाही, बरणी हलवली की फक्त पोटाकडचा भाग वळवळतो. दिवसागणिक आधी डोळे काळे पडले, मग जबड्याची टोकं आणि पाय तपकिरी होत गेले. शेवटी कातडी टाकून बाहेर आला तो भुंगेरा पांढुरका आणि मऊ होता. त्याची पाठ रंगायला आणि टणक व्हायला वेळ लागला.

एका मुलाने विचारलं, "बाई, म्हणजे अळी मेली आणि तिच्या आत दुसराच किडा झाला का?" इतका नेमका प्रश्न मला शिक्षकांच्या प्रशिक्षणातही कुणी विचारलेला नाही. कोषात अळीचे पुष्कळसे स्नायू आणि आतड्याचे भाग मोडीत निघतात. पंखांचे स्नायू, संयुक्त डोळे, प्रजननाचे अवयव तिथे नव्याने उभे राहतात. पण मज्जासंस्था पुरती मोडत नाही, तीच नव्या शरीरासाठी पुन्हा जोडून घेतली जाते. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास देताना विजेचा सौम्य धक्का दिला. त्या अळ्यांचे पतंग झाले तेव्हा त्यांच्यापैकी बरेच तो वास टाळत होते. शिकवण शेवटच्या अवस्थेतल्या अळीला दिली असेल तरच ती कोषातून पलीकडे गेली. मुलाला मी एवढंच सांगितलं की अळी मेली नाही, तीच आहे.

आणि हे केव्हा व्हायचं ते कोण ठरवतं? अंगातली संप्रेरकं. इक्डायसोन नावाचं संप्रेरक कात टाकायचा हुकूम देतं, आणि दुसरं एक, ज्याला ज्युव्हेनाइल हॉर्मोन म्हणतात, ते बालपण टिकवून धरतं. दुसरं भरपूर असताना कात टाकली की अळीची मोठी अळी होते. ते ओसरल्यावर टाकली की कोष होतो. १९३०च्या दशकात व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी रक्त पिणाऱ्या ढेकणांवर प्रयोग करून याचा पाया घातला. १९६५ मध्ये हार्वर्डला कारेल स्लामा आणि कॅरल विल्यम्स यांना वेगळाच अनुभव आला. युरोपातून आणलेले लाल ढेकूण तिथे प्रौढच होईनात, नुसते मोठे होत जात. कारण सापडलं पेटीत पसरलेल्या कागदात! तो कागद ज्या झाडाच्या लगद्यापासून केला होता, त्या झाडातच बालपण टिकवणाऱ्या संप्रेरकासारखा पदार्थ होता. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मुलं हातातल्या वहीचा कागद हुंगून बघतात.

आमच्या शेतात कोष व्हायची वेळ पावसाळा सरल्यावर येते. अळी खोल जाते, मातीची खोली करते, कोषात तीनेक आठवडे किंवा थोडा जास्त काळ काढते आणि भुंगेरा तयार होतो. पण तो वर येत नाही. हिवाळा, उन्हाळा तसाच मातीत बसून राहतो, पुढच्या वळवाची वाट बघत. म्हणजे रोहिणीत दिव्यावर आपटणारा भुंगेरा महिनोन् महिने आधीच तयार झालेला असतो. हे कळलं आणि सापळा केव्हा लावायचा याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. पाऊस पडल्यावर तयारीला लागलो, तर भुंगेरे आपल्या पुढे असतात.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार, दिवा रात्रभर जळतो. भुंगेरे बहुतेक पहिल्या दोन तासांत येतात, साडेसात ते साडेनऊ. त्यानंतर टबात पडतात ते पतंग, नाजूक जाळीदार पंखांचे किडे, आणि असे पुष्कळ जीव ज्यांचा उसाला त्रास नाही, उलट उपयोग आहे. २००२ साली लोकरी मावा, ही उसाच्या पानांचा रस पिणारी कीड, पश्चिम महाराष्ट्रात आला तेव्हा आपल्या लोकांनी किती फवारण्या केल्या, आणि शेवटी त्याला आवरलं कुणी हे जुन्या ऊसकऱ्यांना आठवत असेल: डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी मोठा हात दिला. डिफा हा पतंग, मायक्रोमस जाळीदार पंखांचा. दोघांच्याही अळ्या मावा खातात आणि दोघांचेही प्रौढ रात्री उडतात. रात्रभर दिवा ठेवून त्यांना मारणं म्हणजे आपल्याच राखणदाराला हाकलणं. मी वर्कशॉपमध्ये हे सांगितलं तेव्हा कारागिराने आधी ऐकून घेतलं, मग म्हणाला, "बाई, टायमर बसवून देतो की. आत्तापर्यंत कुणी मागितलाच न्हाई." थोडे पैसे जास्त घेतले, पण दिवा आता साडेनऊला बंद होतो आणि बॅटरीही जास्त टिकते. नवीन घेणाऱ्यांनी टायमर सुरुवातीलाच मागावा. तो नसलेला सापळा मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही.

दुसरी, टब उथळ आहे. मृगाच्या सरींनी एका रात्रीत काठोकाठ भरतो आणि भुंगेरे पाण्याबरोबर बाहेर पडून चालायला लागतात. टबाला वरच्या बाजूला बोटभर भोक पाडून आतून बारीक जाळी लावली की जादा पाणी निघून जातं, भुंगेरे राहतात. हे वर्कशॉपमधूनच करून यायला हवं. तिसरी, पाण्यावर रॉकेल घालायला सांगतात आणि रॉकेल हल्ली मिळणं अवघड. साबणाचं पाणी चालतं. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, भुंगेरा तरंगत राहत नाही. कोंबड्यांना घालायचे असतील तर यातलं काहीच घालू नका, साधं पाणी ठेवा आणि रात्रीच उपसा. बॅटरीच्या डब्याचं झाकण पहिल्याच पावसात ओल धरत होतं, ते त्यांनी रबरी पट्टी लावून विनातक्रार दुरुस्त करून दिलं.

चौथी तक्रार सापळ्याबरोबर मिळणाऱ्या पत्रकाबद्दल, आणि ती मला खरोखर खटकते. पत्रकावर छापलंय, "हुमणीसह सर्व किडींचा बंदोबस्त, बारमाही उपयोगी." हे खरं नाही. लोकरी माव्याला कोष नसतो, त्याची मादी जिवंत पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्लं पहिल्या दिवसापासून आईसारखीच दिसतात, तिथेच पानाखाली बसून रस पितात. दिवा लावून त्यांचं काही वाकडं होत नाही. आणि हुमणीसाठी बारमाही म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला सप्टेंबरमध्ये सापळा विकणं. अशी विक्री होते, मी पाहिलंय. उपटून आलेलं बेट मोटारसायकलला बांधून माणूस दुकानात येतो, काळजीने त्याचा जीव खालीवर होत असतो, आणि त्याच्या हातात दिवा दिला जातो. त्या वेळी त्याच्या शेतात एकही भुंगेरा उडत नसतो. पत्रकावर चार ओळींचं महिन्यांचं वेळापत्रक छापलं तर हे टळेल. मी लिहून दिलंय, छापतील अशी आशा आहे.

मग अळीसाठी काय? जून-जुलैत, अळ्या लहान असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम बुरशीची भुकटी मिसळून ओल्या सरीत देणं, हे आम्ही सापळ्याच्या जोडीला करतो. या बुरशीचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, कातडी भेदून आत जातात, अळी काही दिवसांत ताठरते, वर आधी पांढरी आणि मग हिरवी बुरशी दिसते. इथेही रूपांतरणाचा संबंध आहेच: बीजाणू आत शिरायच्या आधी अळीने कात टाकली तर कातीबरोबर बीजाणूही निघून जातात आणि अळी सुटते. शिवाय ओल नसेल तर बुरशी रुजत नाही, आणि बुरशीनाशकाबरोबर मिसळली तर मरतेच. उपाय जुना आहे. १८७९ मध्ये इल्या मेचनिकोव्ह यांनी ओडेसाच्या भागात गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर हीच बुरशी वापरून पाहिली होती. पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. सुरुवातीच्या काळात हा माणूस हुमणीच्या भाऊबंदांच्या मागे होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अळी ओळखतानाही घाई नको. उकिरड्यात शेणखताखाली मोठ्या पांढऱ्या अळ्या सापडतात आणि लोक हुमणी समजून घाबरतात. त्यांतल्या काही गेंड्या भुंग्याच्या असतात, काही फुलांवरच्या भुंगेऱ्यांच्या. अळी सपाट फरशीवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरपटत गेली तर ती फुलभुंगेऱ्याची, उसाच्या मुळांना तिच्यापासून भीती नाही.

सापळ्याची तुलना करायची तर झाड झटकण्याशी करावी लागेल. त्याला पैसा लागत नाही. रात्री आठच्या सुमाराला कडुनिंबाखाली ताडपत्री पसरायची, बांबूच्या आकडीने फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकायचे. ज्या रात्री गल्लीतली सगळी माणसं आली त्या रात्री एका झाडाखाली सापळ्यापेक्षा जास्त भुंगेरे मिळाले, हे मान्य करायला हवं. पण माणसं रोज येत नाहीत, कुणाच्या घरी लग्न, कुणाची वारणेला पाहुण्यांकडे जत्रा. सापळ्याला सुट्टी नसते. म्हणून आम्ही दोन्ही करतो आणि सापळा त्याच कडुनिंबाजवळ उभा करतो. ऊसाच्या मधोमध उभा करू नका. दिव्याकडे आलेले सगळेच टबात पडत नाहीत, काही आजूबाजूच्या मातीत उतरतात. ती माती तुमच्या उसाची असू नये. बांधावर, झाडाच्या बाजूला, मोकळ्या जागेत ठेवा.

आणि एकट्याने लावून फायदा अर्धाच. भुंगेरा शेजारच्या शेतातून सहज उडून येतो. कृषी खात्याची माणसं हेक्टरी एक सापळा सांगतात, तो हिशेब सगळ्या शिवाराने पाळला तर अर्थ आहे. भाऊजींनी वरच्या आळीतल्या चौघांना तयार केलं, "वैनींचा दिवा बघा, मग ठरवा" म्हणून. त्यांनीही घेतले. त्या बाजूचा खोडवा आता हिरवा आहे, पण त्यात सापळ्याचा वाटा किती, बुरशीचा किती आणि एप्रिलातल्या खोल नांगरटीने उघड्यावर आलेल्या भुंगेऱ्यांवर ताव मारणाऱ्या बगळ्यांचा किती, हे मी वेगळं काढून सांगू शकत नाही आणि कुणी सांगत असेल तर त्याला पुरावा विचारा.

वर्कशॉपच्या सेवेला मी पूर्ण गुण देते. फोन उचलतात, बिघाड झाला तर सापळा तिथे न्यावा लागतो, पण त्याच दिवशी मिळतो. वस्तूला पाचपैकी साडेतीन, टायमर आणि भोकाचा टब मूळ किमतीत दिला तर साडेचार. पत्रकाला शून्य. हंगाम संपला की बॅटरी काढून घरात ठेवा आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी पॅनेलला जोडून चार्ज करा, नाहीतर पुढच्या मेपर्यंत ती बसते. मागणी एप्रिलमध्येच नोंदवा. अक्षय्य तृतीयेच्या आसपास हातात मिळतो. वळीव पडला की उद्यमनगरात सापळ्यांसाठी रांग लागते, आणि तेव्हा सांगितलेला सापळा हातात येईपर्यंत माद्या अंडी घालून मोकळ्या झालेल्या असतात.